टोपी आणि काडतूस : पुनर्भरणाच्या इतिहासांतील एक उपेक्षित साधन

१

कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं दोन रिकाम्या पुंगळ्या आमच्यापुढें ठेवल्या. पहिली .३०३ च्या रायफलची. तिच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ हीं रोमन अक्षरें आणि बाणाची खूण होती; अर्थात् ती खडकीच्या कारखान्याची, हें उघड होतें. दुसरी .४५ च्या पिस्तुलाची, आंखूड व जाड. तिच्या बुडावर एका अमेरिकन कारखान्याचीं आद्याक्षरें व ४३ हा आंकडा होता. स्नेह्यांनीं तोंडाकडून दिवा धरून आंत पाहावयास सांगितलें. खडकीच्या पुंगळीच्या तळाशीं दोन बारीक छिद्रें दिसलीं. अमेरिकन पुंगळीच्या तळाशीं मधोमध एकच मोठें छिद्र होतें. त्यांनीं आपल्या वहींत नोंद केली होती ती अशी : ‘दोन छिद्रें, शोध इंग्रजांचा, एक छिद्र, शोध अमेरिकनांचा.’

नोंद तर्काला धरून होती, परंतु ती नेमकी उलटी आहे. दोन छिद्रांची युक्ति एका अमेरिकन माणसाची व एका छिद्राची युक्ति एका इंग्रजाची. एकाचें साधन दुसऱ्याच्या घरीं नांदावयास गेलें, ही गोष्ट वरवर पाहतां गमतीची वाटते. पण ती कां घडली याचा शोध घेऊं लागलों असतां आम्हांस असें दिसून आलें कीं, काडतुसाच्या बुडांत बसविलेली ती चिमुकली टोपी हाच बंदुकीच्या अर्वाचीन इतिहासाचा एक मोठा धागा आहे. बंदूक कोणाच्या हातांत आहे यापेक्षां टोपी कोण करतो, हा प्रश्न गेलीं दोनशें वर्षें अधिक निर्णायक ठरला आहे. प्रस्तुत लेखांत हा धागा आम्ही उलगडून पाहणार असून, जुनीं कागदपत्रें व शस्त्रें जमविणारांस त्याचा काय उपयोग होईल तेंहि सांगणार आहों.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. बंदुकीच्या नळींतील दारू पेटविण्याचीं जीं साधनें कालक्रमानें आलीं त्यांस मराठींत चांगले जुने शब्द आहेत. पहिली जामगीची किंवा तोड्याची बंदूक. हिच्यांत जळती दोरी घोड्याच्या जबड्यांत धरून ती कानाजवळील रंजकीवर टेकवीत. रंजक पेटून तिची ज्वाला कानांतून आंत जाई. दुसरी चकमकीची बंदूक, म्हणजेच पथरकला. हिच्यांत जळत्या दोरीची जागा गारेनें घेतली. गार पोलादावर आपटून ठिणगी पडे, पण रंजक तीच. तिसरी टोपीची बंदूक. हिच्यांत रंजकीची भुकटी गेली व तांब्याची एक लहान टोपी आली. तिच्या आंत आघातानें पेटणारें द्रव्य लावलेलें असे. चौथी अवस्था काडतुसाची, म्हणजे दारू, गोळी व टोपी हीं तिन्ही एकाच पितळी पुंगळींत बसविण्याची. आजचे लोक ज्यास प्रायमर म्हणतात ती वस्तु म्हणजे हीच टोपी. ती फक्त बंदुकीच्या बाहेरच्या बोंडावरून पुंगळीच्या बुडांत शिरली.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशु’पासून आला असें सामान्यतः मानतात. तो शब्द आला त्या काळीं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी होती. यास्तव केवळ ‘काडतूस’ हा शब्द दिसल्यानें एखाद्या कागदाचा काळ अर्वाचीन ठरत नाहीं. ‘टोपी’ या शब्दाच्या बाबतींत मात्र दुहेरी सावधगिरी पाहिजे. एक तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत यूरोपियन लोकांस ‘टोपीकर’ म्हटलें आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां जुन्या कागदांत टोपीचा व बंदुकीचा उल्लेख एकत्र आला तर तेथें टोपी डोक्यावरची कीं बंदुकीची हें संदर्भानें ठरविलें पाहिजे. दुसरें असें कीं, ज्या कागदांत तांब्याच्या टोप्यांचा निःसंदिग्ध हिशेब आहे तो कागद पेशवाईंतील असूं शकत नाहीं. पेशवाई १८१८ सालीं संपली. अमेरिकेंत टोपीचें पेटंट १८२२ सालचें आहे आणि इंग्रजी लष्करांत टोपीची बंदूक त्यानंतर दोन दशकांनीं सरसकट आली. असा कागद पुढें आल्यास तो बनावट, किंवा मागाहून केलेली व नकलकारानें आपल्या काळचे शब्द घातलेली नक्कल, असें समजण्यास हरकत नाहीं.

३

टोपीची उत्पत्ति एका धर्मोपदेशकाच्या शिकारीच्या छंदांतून झाली. स्कॉटलंडांत ॲबर्डीनशायरमधील बेलहेल्व्ही येथील पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्सिथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीची आवड होती. चकमकीच्या बंदुकीची रंजक पेटतांच जो भपका होई तो पाहून पक्षी गोळी सुटण्यापूर्वींच बुडी मारीत अथवा उडून जात. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानें १८०० सालीं पाऱ्याच्या स्फोटक क्षाराची, म्हणजे फल्मिनेटची, कृति प्रसिद्ध केली होती. अशा आघातानें पेटणाऱ्या द्रव्यांचा उपयोग नळींतील मुख्य दारू पेटविण्याकडे करावा, ही कल्पना फोर्सिथची. त्यानें ११ एप्रिल १८०७ रोजीं पेटंट घेतलें. त्याच्या बंदुकींत अद्याप टोपी नव्हती. अत्तराच्या कुपीसारख्या एका लहान डबींत भुकटी भरलेली असे. तांब्याच्या टोपीचे जनक म्हणविणारे पुढें बरेच निघाले. त्यांपैकीं इंग्लंडांतून फिलाडेल्फियास गेलेला चित्रकार जोशुआ शॉ यानें आपण १८१४ सालींच हा शोध लावल्याचें सांगितलें व १८२२ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळविलें. १८२५ सालीं प्राग येथें लुई सेलिए यानें टोप्या करण्याचा कारखाना काढला. पुढें सेलिए व बेलो या जोडनांवानें तो प्रसिद्धीस आला. आजहि त्या नांवाच्या टोप्या बाजारांत मिळतात.

लष्करानें हा शोध पत्करण्यास पाव शतकाहून अधिक काळ लावला. १८३४ सालीं वुलविच येथें दोन्ही जातींच्या बंदुकांची तुलना झाली. प्रत्येक जातीच्या सुमारें सहा हजार फैरी झाडल्या, तेव्हां चकमकीची बंदूक सुमारें साडेसहा फैरींत एकदां फसली, तर टोपीची सुमारें १६६ फैरींत एकदां. आंकडे बोलके होते, तरी जगाची खात्री पटली ती रणांगणावर. मे १८४१ मध्यें चीनच्या पहिल्या अफूच्या युद्धांत, कँटनजवळ, ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसांत एकटी सांपडली. तिच्याजवळ चकमकीच्या बंदुका होत्या व रंजक भिजून गेली होती. शिपायांस केवळ संगिनीवर निभावावें लागलें. त्यांच्या सुटकेस धाडलेल्या आरमारी शिपायांजवळ टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या पावसांतहि उडाल्या. आपल्या मद्रासी शिपायांवर आलेला हा प्रसंग शस्त्रेतिहासाच्या ग्रंथांतून पुढें वारंवार दाखल्यादाखल सांगितला जाऊं लागला. १८४२ च्या नमुन्याची टोपीची बंदूक लवकरच इंग्रजी पायदळाची झाली.

४

येथपर्यंतची कथा सुधारणेची आहे. पण सुधारणेच्या पोटांत दुसरी एक गोष्ट घडत होती, व आमच्या मतें इतिहासकारांनीं तिच्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

जामगीच्या बंदुकीस काय लागे? सोरा, गंधक, कोळसा, शिसें व सुताची दोरी. यांपैकीं बहुतेक जिन्नस देशांतल्या देशांत मिळत. दारू गांवोगांव कुटली जाई. चकमकीच्या बंदुकीस आणखी एक गारेचा तुकडा व चांगल्या लोहाराचें कसब लागे. म्हणूनच ही बंदूक परकी असूनहि ती येथें करतां आली. महादजी शिंद्यांच्या चाकरींत द बॉयनच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या तेव्हां आग्र्याच्या कारखान्यांत सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं अशा बंदुका तयार होऊं लागल्या. परंतु टोपीची गोष्ट निराळी. तांब्याच्या पत्र्यांतून एकाच मापाच्या हजारों टोप्या छापून काढण्यास यंत्र पाहिजे आणि आंतील द्रव्य करण्यास रसायनशाळा पाहिजे. हीं दोन्ही साधनें ज्याच्याजवळ नाहींत त्याच्या हातांतील उत्तम बंदूक टोप्या संपतांच लोखंडी दांडा होऊन बसते.

याचा कटु अनुभव १८५७ सालीं आला. त्या वर्षाच्या इतिहासांत एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांविषयीं विपुल लेखन झालें आहे. टोपीविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. उठाव केलेल्या पलटणींनीं सरकारी बंदुका, तोफा व दारूगोळा यांवर हात मारला. दिल्लींत त्यांनीं स्वतः दारू करण्याचा कारखानाहि चालविला; त्याचा ७ ऑगस्ट १८५७ रोजीं भयंकर स्फोट झाला. दारू करतां येत होती, गोळ्या ओततां येत होत्या; टोप्या मात्र पुरत नव्हत्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारांत शिपायांजवळील टोप्यांच्या टंचाईचे उल्लेख आढळतात. नव्या बंदुकीपेक्षां जुनी जामगीची बंदूकच अशा वेळीं अधिक भरंवशाची.

राज्यकर्त्यांच्या हें पुरतें ध्यानांत आलें होतें, याचा पुरावा १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यांत सांपडतो. त्या कायद्यांतील दारूगोळ्याच्या व्याख्येंत चकमकीचे दगड, टोप्या, आघातानें पेटणारीं द्रव्यें आणि दारूगोळा करण्याचीं यंत्रें हीं स्पष्ट नांवें घेऊन घातलीं आहेत. शिसें, गंधक व सोरा हे मात्र त्याच वाक्यांत वगळले आहेत. वैद्याच्या, शेतकऱ्याच्या व शोभेची दारू करणाराच्या नित्य उपयोगाचे जिन्नस सरसकट बंद करणें सोयीचें नव्हतें हें खरें. पण टोपी हातांत ठेवली म्हणजे उरलेलें फारसें हातांत ठेवण्याची गरज नाहीं, हेंहि त्या व्याख्येवरून दिसून येतें. कायद्याचा मसुदा करणारांस जें कळलें तें इतिहास लिहिणारांनीं विसरूं नये.

५

आतां प्रारंभींच्या दोन पुंगळ्यांकडे वळूं. १८६६ हें साल या बाबतींत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, दोन गृहस्थांनीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें काढलीं. अमेरिकेंत हायरम बर्डन; हा यादवी युद्धांत नामांकित नेमबाजांच्या पलटणीचा अधिकारी होता. इंग्लंडांत एडवर्ड मूनिए बॉक्सर; हा वुलविचच्या सरकारी प्रयोगशाळेचा अधीक्षक होता आणि त्याचें काडतूस स्नायडर बंदुकीबरोबर लष्करांत आलें.

प्रश्न असा होता : टोपीवर घोड्याचा कांटा आपटला तर तिच्यांतील द्रव्य कशावर तरी चिरडलें गेलें पाहिजे, म्हणजे टोपीच्या आंत एक लहानशी ऐरण पाहिजे. ही ऐरण कोठें असावी? बर्डननें ती पुंगळीच्या बुडांतच उठवून घेतली. ऐरण मध्यें असल्यामुळें ज्वाला आंत जाण्यास तिच्या दोन बाजूंस दोन बारीक छिद्रें ठेवावीं लागलीं. बॉक्सरनें ऐरण टोपीच्या पोटांत निराळी बसविली. त्यामुळें पुंगळीचें बूड मोकळें राहिलें व तेथें मधोमध एकच छिद्र पुरलें.

बर्डनची टोपी करावयास सोपी व स्वस्त. तींत एक भाग कमी. ज्या लष्करास काडतूस एकदां उडवून पुंगळी टाकून द्यावयाची आहे, किंवा भंगारांत घालून पुन्हां वितळवावयाची आहे, त्यास हीच सोयीची. यूरोपांतील बहुतेक राष्ट्रांनीं ती घेतली, आणि खुद्द इंग्रजांच्या .३०३ काडतुसांतहि तीच आली. १८६९ सालीं स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत .३०३ ची काडतुसें झालीं तीं याच पद्धतीचीं. बॉक्सरच्या टोपीचा गुण वेगळा. मधलें छिद्र सरळ असल्यामुळें पुंगळीच्या तोंडांतून एक सळई घालून वापरलेली टोपी एका ठोक्यासरशीं बाहेर काढतां येते व तेथें नवी बसवितां येते. अर्थात् पुंगळी पुन्हां भरून वापरावयाची असेल तर बॉक्सरची पद्धति शतपट सोयीची; बर्डनच्या पुंगळींतून टोपी काढणें म्हणजे टोकदार हत्यारानें उकरणें किंवा पाण्याच्या दाबानें उडविणें.

आणि पुंगळी पुन्हां भरणारा माणूस अमेरिकेंत होता. या एका गोष्टींत नांवांच्या अदलाबदलीचें मुख्य कारण आहे, असें आमचें मत आहे.

६

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलखांत वस्ती विरळ, दुकान दूर, व बंदूक रोजच्या गरजेची होती. १८७३ सालीं विंचेस्टर कंपनीनें .४४ चें नवें काडतूस काढलें. त्याची टोपी बुडाच्या मध्यभागीं असल्यामुळें ती बदलतां येई. कांहीं वर्षांतच कोल्ट कंपनीनें आपलें रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचें केलें, व एकाच जातीच्या पुंगळ्या खांद्यावरच्या बंदुकीस व कमरेच्या पिस्तुलास चालूं लागल्या. कंपन्यांनीं काडतुसांबरोबर पुनर्भरणाचे चिमटे व गोळ्यांचे सांचे विकण्यास आरंभ केला. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें न्यू हेवन येथें आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. तिचे चिमटे व पुस्तिका यांनीं पुनर्भरणास घरगुती विद्येचें रूप दिलें. लष्करानेंहि १८८२ च्या सुमारास टोपी आंत दडविलेलीं तांब्याचीं काडतुसें सोडून बाहेरून टोपी बसविण्याचीं पुनर्भरणयोग्य काडतुसें घेतलीं, आणि सरावासाठीं छावण्यांतून पुंगळ्या पुन्हां भरल्या जाऊं लागल्या.

अशा रीतीनें पुंगळी जपून ठेवण्याची, गोळी घरीं ओतण्याची व दारू डब्यानें विकत घेण्याची वहिवाट तेथें पडली. परंतु टोपी? ती घरीं होत नसे. शेंकड्यानें भरलेल्या लहान पत्र्याच्या डब्या कारखान्यांतून येत. या डब्या व त्यांवरील रंगीत चिठ्ठ्या आज तेथील संग्राहक मोठ्या हौसेनें जमवितात. म्हणजे दिल्लीच्या शिपायास जी अडचण होती तीच, निराळ्या सुखवस्तु स्वरूपांत, पश्चिमेच्या शिकाऱ्यासहि होती. फरक इतकाच कीं त्याचें दुकान उघडें होतें.

टोपीच्या द्रव्याचा इतिहासहि पुनर्भरणाशीं गुंतलेला आहे. आरंभींच्या टोप्यांत पाऱ्याचा क्षार असे. काळ्या दारूच्या काळांत तिच्या भरपूर राखेंत हा पारा मुरून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली, राख कमी झाली, आणि पारा थेट पितळांत शिरूं लागला. पारा लागलेलें पितळ ठिसूळ होतें. अशी पुंगळी पुन्हां भरली तर फुटते. म्हणून पारा काढून पोटॅशियम क्लोरेटवर भर देण्यांत आला. त्यानें पितळ वांचलें, पण नळी बिघडूं लागली. कारण हें द्रव्य जळाल्यावर जो क्षार उरतो तो मिठासारखा हवेंतील ओल ओढून घेतो व पोलादास गंज चढवितो. जुने शिपाई बंदूक उडविल्यानंतर नळी गरम पाण्यानें धूत तें याचसाठीं. क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. पुढें १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत आर. डब्ल्यू. एस. कारखान्यानें ‘सिनॉक्सिड’ या नांवानें व १९२७ च्या सुमारास अमेरिकेंत रेमिंग्टननें ‘क्लीनबोअर’ या नांवानें न गंजविणाऱ्या टोप्या आणल्या. अमेरिकन लष्करानें मात्र दुसऱ्या महायुद्धांत .४५ च्या काडतुसांत जुनीच गंजकारी टोपी चालू ठेवली व ती १९५० नंतरच्या थोड्या वर्षांत सोडली. आमच्या स्नेह्यांची ४३ सालची पुंगळी त्या पिढींतील आहे.

७

आज पिस्तुलाचीं काडतुसें पुन्हां भरणारे लोक प्रामुख्यानें अमेरिकेंत आहेत, आणि त्यांची टोप्यांची खरेदी ही या सर्व इतिहासाची चालती बोलती वही आहे. पिस्तुलाच्या टोप्यांचीं मापें दोन : लहान, सुमारें .१७५ इंच व्यासाची. आणि मोठी, सुमारें.२१० इंच व्यासाची. नऊ मिलिमीटर व .३८ स्पेशल यांस लहान लागते, .४५ ला परंपरेनें मोठी. परंतु अलीकडे कांहीं कारखाने .४५ च्या पुंगळींतहि लहान टोपी घालूं लागले आहेत. त्यामुळें गोळा केलेल्या पुंगळ्या एक एक पाहून निवडाव्या लागतात. शिवाय प्रत्येक मापांत साधी व अधिक जोरदार, म्हणजे मॅग्नम, असे दोन प्रकार आहेत. रायफलच्या टोपीचा पत्रा पिस्तुलाच्या टोपीहून सामान्यतः जाड असतो. म्हणून माप जुळलें तरी एकीच्या जागीं दुसरी घालणें शहाणपणाचें नाहीं.

खुणांचे आंकडे पाहिले तर प्रत्येक कारखान्याची निराळी भाषा आढळते. रेमिंग्टनच्या लहान टोपीस दीड व मोठीस अडीच म्हणतात. हे अपूर्णांक एकोणिसाव्या शतकांतील सूचिपत्रांचे अवशेष होत. १९२२ च्या फेडरल कंपनीच्या त्याच टोप्या १०० व १५० या आंकड्यांच्या, आणि १९५१ सालीं आयडाहोंतील लुइस्टन येथें निघालेल्या सी. सी. आय. च्या ५०० व ३०० या आंकड्यांच्या. आंकडा मोठा म्हणून टोपी मोठी, असें कोणी समजूं नये. वरील शेवटच्या जोडींत तर ५०० ची लहान व ३०० ची मोठी आहे. टोप्यांची तुलना करणारे जाणकार पत्र्याचा कठीणपणा, खांचेंत बसण्याची घट्ट अगर सैल जात आणि एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंतचा सारखेपणा हीं पाहतात. फेडरलची टोपी मऊ म्हणून हलक्या घोड्याच्या रिव्हॉल्व्हरांस मानवते, असा लौकिक आहे, सी. सी. आय. ची त्या मानानें कठीण समजतात. टोपीची जात बदलली तर दारूचें प्रमाण खालून पुन्हां तपासून आणावें, हा त्या विद्येंतील जुना दंडक आहे, व तो अनुभवानें शिकलेला आहे.

टोप्या शंभरांच्या तबकांत व हजारांच्या पुड्यांत विकतात. २०२० पूर्वीं हजारास सुमारें तीस डॉलर हा साधारण भाव होता. त्या वर्षीं व पुढील दोन वर्षांत टंचाई पडली तेव्हां दुय्यम बाजारांत तोच हजार शंभर डॉलरांच्याहि वर गेला. पुंगळ्या पेटींत पडून होत्या, शिसें होतें, दारूहि होती. खोळंबा झाला तो टोपीचा. अशा वेळीं प्रागचें जुनें सेलिए व बेलोचें नांव, इटलीचें १८७६ चें फिओकीचें नांव व बोस्नियांतील गोराज्दे येथील जिनेक्सचें नांव अमेरिकेंतल्या गिऱ्हाइकांच्या तोंडीं आलें. दोन शतकें लोटलीं, तरी आपली बंदूक आपणच भरूं म्हणणाऱ्या माणसाचा धागा शेवटीं टोपीच्या कारखान्याशींच बांधलेला राहिला.

८

या विवेचनांतून संग्राहकांनीं काय घ्यावें तें थोडक्यांत सांगून लेख पुरा करतों.

पुंगळीच्या तळाचीं छिद्रें ही जातीची खूण आहे, देशाची नव्हे. देश व कारखाना बुडावरील अक्षरांवरून ठरवावा, साल आंकड्यावरून, आणि पुंगळी पुन्हां भरलेली आहे कीं नाहीं तें टोपीच्या कडेवरून व पुंगळीवरील ओरखड्यांवरून. लष्करी पुंगळींत टोपीच्या भोंवतीं कडा दाबलेली असते. ती कडा छिलून काढलेली दिसली, तर पुंगळी निदान दुसऱ्यांदा टोपी बसविण्याकरितां सिद्ध केलेली होती असें जाणावें. ठिसूळ होऊन चिरलेलें पितळ पाऱ्याच्या टोपीची आठवण देतें. नळींतील खोल गंज क्लोरेटच्या टोपीची. ठासणीच्या जुन्या बंदुकांच्या बाबतींत हें लक्षांत ठेवावें कीं, अनेक चकमकीच्या बंदुका पुढें टोपीच्या करून घेतलेल्या आहेत. म्हणून नळीचा काळ व चापाचा काळ एकच धरूं नये. दप्तरांतील याद्या वाचतांना बंदुकांची संख्या उतरून घेतली म्हणजे काम संपलें असें न मानतां, रंजक, गारा, जामग्या अथवा टोप्या यांपैकीं कशाचा हिशेब आहे व तो माल कोठून आणला जाई, हें अवश्य टिपून घ्यावें. एखाद्या संस्थानाची किंवा फौजेची खरी स्वतंत्रता किती होती तें बंदुकांच्या संख्येपेक्षां या किरकोळ नोंदींवरून अधिक कळतें.

शेवटीं एक सूचना आग्रहपूर्वक करावीशी वाटते. जुनी टोपी म्हणजे निर्जीव टोपी नव्हे. जुन्या काडतुसांतील टोपीहि आघातानें उडूं शकते; तींतून गोळी काढण्याचा किंवा ती ठोकून पाहण्याचा मोह कोणी धरूं नये. जिवंत काडतुसें व टोप्या बाळगण्यास १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यान्वयें परवाना लागतो. वाड्याच्या माळ्यावर असा माल सांपडल्यास त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. इतिहासास रिकामी पुंगळी पुरेशी आहे.

आमच्या स्नेह्यांनीं आपल्या वहींतील नोंद खोडली नाहीं, तिच्याखालीं दुसरी ओळ लिहिली : ‘खडकी, बर्डनची पद्धति, पुन्हां भरण्यास अवघड, अमेरिकन, बॉक्सरची पद्धति, पुन्हां भरण्यास सोपी.’ पहिली चूक तशीच राहूं दिली तें बरें झालें, असें आम्हांस वाटतें. ती वही पुढें ज्यांच्या हातीं पडेल त्यांस नोंद कशी सुधारली तेंहि दिसेल. आपल्या संग्रहांतील याद्यांत टोप्यांच्या खरेदीचे उल्लेख ज्यांस आढळतील त्यांनीं त्यांच्या नकला मूळ शब्दांसह व तारखांसह या त्रैमासिकाकडे पाठवाव्या, अशी विनंति आहे.